मोहोळाला खडा मारणाऱ्या मुलांना मधमाशी कशी शिकवू?

डोंगरशाळा

नमस्कार मंडळी. जुन्नरच्या पश्चिमेला, घाटमाथ्याच्या अंगाला आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा आहे. पहिली ते चौथी, पट ३१. मुलं बहुतेक महादेव कोळी घरांतली. घरी भात, नाचणी, वरई, उताराच्या तुकड्यात खुरासणी आणि उन्हाळ्यात हिरडा. आत्ता ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खुरासणी अशी फुललीय की शाळेच्या पायरीवरून समोरचा अख्खा उतार पिवळा दिसतो.

शाळेमागे गावाची उंच पाण्याची टाकी आहे. तिच्या पोटाला पाऊस उघडल्यावर आग्या मोहोळ लागलं. सुपाएवढं होतं, आता त्याहून मोठं झालंय. गेल्या मंगळवारी मधल्या सुट्टीत तिसरीतल्या एका मुलानं बेचकीनं त्यावर खडा मारला. मोहोळ उठलं. आम्ही दोघांनी हाताला लागेल ते पोर आत ओढलं, ३१ मुलं एका खोलीत कोंबली, खिडक्या लावल्या आणि दाराखालच्या फटीत माझी ओढणी कोंबली. बाहेरची घूं घूं पाऊण तास ऐकत बसलो. पहिलीतली मुलं रडून रडून झोपली. ज्यानं खडा मारला त्याला नऊ ठिकाणी डंख होते. आरोग्य केंद्रात नेलं, संध्याकाळपर्यंत सूज राहिली, पण पोर सुखरूप आहे.

दुसऱ्या दिवशी पालक जमले. म्हणाले, बाई, रात्री टेंभा लावून जाळून टाकतो, तुम्ही फक्त होय म्हणा. मी आठ दिवस मागून घेतले आहेत. मला ते जाळायचं नाही. पण उद्या एखाद्या लेकराला काही झालं तर मी त्याच्या आईला काय सांगू, हाही प्रश्न आहेच.

परिसर अभ्यासात परागीभवन येतं. मी ते दर वर्षी शिकवते, फळ्यावर फूल काढते, मुलं पाठ करून सांगतात. त्यातलाच हा मुलगा, चाचणीत सगळं बरोबर लिहिणारा. म्हणजे माझं शिकवणं फळ्यावरच राहिलं. आता मुलं साध्या माशीलाही घाबरतात. परसबागेत भोपळ्याला पाणी घालायला कुणी जाईना.

तर विचारायचं ते असं. मोहोळ आहे तिथं राहू देऊन मुलांना सांभाळायचं कसं? या मुलांना मधमाशी पुन्हा शिकवायची तर सुरुवात कुठून करू? आणि एक ओळखीचे गृहस्थ मेलिफेराची, म्हणजे युरोपातून आलेल्या पाळीव मधमाशीची, पेटी शाळेला भेट द्यायला तयार आहेत, ती घ्यावी का?

सातेरीपेटी

बाई, आधी मोहोळाचं बोलतो, कारण आठ दिवस भरकन जातील.

मी महाबळेश्वरकडचा. वडील सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या ठेवायचे, मी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिकून तेच पुढे चालवलं. ती संस्था १९६२ पासून आहे. जमलं तर तिथल्या लोकांशी एकदा बोला. आग्या कुठंच कायम राहत नाही. फुलोरा असेपर्यंत राहतं, मग सगळं मोहोळ उठून दुसरीकडं जातं. काही महिन्यांचा पाहुणा आहे. जाळलंत तर अर्ध्या माश्या मरतील, उरलेल्या अंधारात गावभर पिसाळतील, आणि जागा चांगली म्हणून पुढच्या वर्षी तिथं दुसरं मोहोळ लागेलच. मोहोळ वर्गाच्या छज्ज्याला असतं तर जाणकाराकडून ते हलवायलाच मी सांगितलं असतं. टाकीला आहे, तर निभावता येईल.

टाकीजवळ रात्री दिवा लागत असेल तर तो बंद करायला लावा. आग्याच्या माश्या रात्री उजेडावर येतात आणि सकाळी अंगणात अर्धमेल्या पडलेल्या मिळतात. पोरं त्यांच्यावरच अनवाणी पाय देतात. टाकीखाली कचरा पेटवू देऊ नका, धुरानं मोहोळ उठतं. जमिनीवर चुन्याच्या फक्कीची रेघ मारा, रेघेपलीकडं कुणी जायचं नाही. आणि सराव घ्या. मोहोळ उठलं तर हात हलवत उभं राहायचं नाही. तोंडावर सदरा घ्यायचा, पळत खोलीत शिरायचं, दार लावायचं. जमिनीवर पालथं पडून राहा असं काही लोक सांगतात. आग्यासमोर ते करू नका.

डंख बसला की नांगी नखानं लगेच खरवडून काढायची. कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली ते महत्त्वाचं, कारण माशी निघून गेली तरी नांगीची पिशवी आत विष ढकलत राहते. मग जागा धुवायची. नांगीतून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या माश्या येतात. हे मुलांना सांगा, मुलं ते कधीच विसरत नाहीत. अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ १०८.

आता शिकवायचं. मी आमच्या भागातल्या शाळांत जातो, तेव्हा मधाची बाटली शेवटपर्यंत पिशवीतच ठेवतो. मध दाखवला की मुलांच्या डोक्यात माशी म्हणजे मध एवढंच बसतं आणि बाकी सगळं हवेत जातं. मी पोळ्याचा जुना रिकामा तुकडा नेतो. हातात देतो, वास घ्यायला सांगतो, करंगळीचं टोक घरात घालून बघायला सांगतो. मग टाचण्या देतो. एका घराचा तळ तीन पाकळ्यांचा असतो, प्रत्येक पाकळीतून एक टाचणी आरपार घालायची आणि तुकडा उलटा करायचा. तीन टाचण्या मागल्या बाजूच्या तीन वेगवेगळ्या घरांत निघालेल्या दिसतात. पाठीला पाठ लावून घरं बांधलेली, पण अर्ध्या घरानं सरकवून. मुलं पुन्हा पुन्हा टाचण्या घालत राहतात. चौथीची मुलं आपसात भांडून त्याचं कारण शोधतात. आपण मध्ये बोलायचं नाही.

फेब्रुवारी-मार्चात पेटीत नर भरपूर असतात. नराला नांगी नसते. मोठ्या डोळ्यांचा, काळसर, गुबगुबीत. घाबरणाऱ्या मुलाच्या तळहातावर मी नर ठेवतो आणि मूठ हलकी मिटायला सांगतो. आत तो घुमतो. ती घूं घूं हाताच्या हाडापर्यंत जाते. मुलाच्या तोंडाकडं त्या वेळी बघावं, बाई. दहा व्याख्यानांनी होत नाही ते काम तिथं होतं. मात्र नर कोणता, कामकरी कोणती, हे ओळखणारा माणूस शेजारी हवा. त्याशिवाय हा प्रयोग करू नका.

भेट मिळणारी पेटी घेऊ नका. मेलिफेराला मोठाली पिकं लागतात, फुलोऱ्यामागं पेट्या हलवाव्या लागतात, पावसाळ्यात साखरेचा पाक द्यावा लागतो. तुमच्या पावसात आणि धुक्यात ती तग धरायची नाही. मुलांसमोर वसाहत मरेल. दुसरं कारण माझ्या जिव्हाळ्याचं आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला थाय सॅकब्रूड या विषाणूच्या रोगानं दक्षिण भारतातली सातेरी कितीतरी ठिकाणी संपवली. आमच्या घरच्या १४ पेट्यांतल्या २ उरल्या, वडील पेटी उघडून नुसते बघत बसायचे. तेव्हापासून बाहेरून आलेली कुठलीही वसाहत रानाजवळ आणताना मी दहादा विचार करतो. पुढं पेटी ठेवायचीच असेल तर तुमच्याच भागातली सातेरी ठेवा, आणि आधी तुम्ही स्वतः शिका. आमच्याकडचं मांघर मे २०२२ मध्ये राज्यातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथं पेटी हे घरातल्या दुभत्या जनावरासारखं काम आहे, रोज लक्ष द्यावं लागतं. मे महिन्यात शाळा बंद असताना तुमच्या पेटीकडं कोण बघणार?

डेंगळे

ताई, मी राहुरीकडच्या शाळेत आहे. आमच्याकडं कांद्याच्या बियाण्यासाठी डेंगळे, म्हणजे कांद्याच्या फुलांचे दांडे, असतात आणि शेतकरी त्या दिवसांत भाड्यानं पेट्या आणून ठेवतात. त्यामुळं आमच्या मुलांना 'माशी बसली नाही तर बी भरत नाही' हे घरातूनच ठाऊक असतं. तुमच्या मुलांच्या घरातही तेच आहे, फक्त ते कुणी त्यांना दाखवलेलं नाही. समोरच्या उतारावरची खुरासणी बघा. खुरासणीला स्वतःचे परागकण चालत नाहीत, दुसऱ्या झाडाचे लागतात, आणि ते आणून देतात मुख्यतः मधमाश्या. म्हणजे डब्यातली खुरासणीची चटणी ही टाकीवरच्या मोहोळाशी जोडलेली आहे. कुणा पालकाकडं एक कोपरा मागा, चार काठ्या रोवून त्यावर जुनी मच्छरदाणी टाका. कळ्या उमलण्याआधी टाकायला हवी, म्हणजे उशिरा पेरलेला तुकडा शोधावा लागेल. काढणीला आतली आणि बाहेरची बोंडं मुलांना चोळायला द्या.

भोपळ्याचा प्रयोग तर उद्याच सुरू करता येईल. मादी फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी टोकाला पिवळी दिसते. तिला पातळ कापडाची पिशवी बांधायची. काही फुलं मोकळी ठेवायची, आणि काही बांधलेल्या फुलांना सकाळी लवकर पिशवी सोडून मुलांनी नर फूल स्वतः चोळायचं, लगेच पुन्हा बांधायचं. हे तिसरं सोडू नका. स्वतः माशीचं काम करून बघितल्याशिवाय ते काम किती नाजूक आहे ते कळत नाही. शिवाय पिशवीमुळंच फूल गळलं अशी शंका हुशार मुलं काढतात, तिचंही उत्तर त्यातच मिळतं.

एक विनंती. 'मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, असं आइन्स्टाइन म्हणाला' हे वाक्य भिंतीवर लिहू नका. त्यानं तसं म्हटल्याचा काहीही पुरावा नाही, आणि ते खरंही नाही. तुमचा भात, नाचणी, वरई, गहू, ज्वारी यांना माशी लागत नाही. मुलं शेतकऱ्यांची आहेत, त्यांना हे कळतं. खरी गोष्ट पुरेशी मोठी आहे. जगातल्या ११५ महत्त्वाच्या अन्नपिकांपैकी ८७ पिकं कमी-अधिक प्रमाणात परागीभवन करणाऱ्या प्राण्यांवर अवलंबून आहेत, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडलंय. मुलांना सांगायचं तर असं सांगा: माशी नसेल तर पोटाला भाकरी मिळेल, पण तिच्यासोबतचं कोरड्यास, चटणी, फळ यातलं बरंचसं जाईल.

आणि जागतिक मधमाशी दिन २० मेला असतो, स्लोव्हेनियातल्या अठराव्या शतकातल्या अँटोन यान्शा या मधपाळाच्या जन्मदिवसाच्या निमित्तानं. तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी. तुम्ही तुमचा दिवस खुरासणी फुलते तेव्हा धरा.

माडाखाली

वरच्या दोघांचं पटलंच, पण ताई, नुसती मधमाशी नको. आमच्या रत्नागिरीकडं आंब्याच्या मोहोरावर बसून बघा, मधमाश्यांपेक्षा साध्या माश्याच जास्त दिसतात, ज्यांना आपण शी म्हणून हाकलतो. आंब्याच्या परागीभवनात त्यांचा वाटा मोठा आहे. माझ्या पुतण्याच्या शाळेत मी हे सांगितलं तेव्हा एकाही मुलाचा विश्वास बसला नव्हता. मग मोहोर आल्यावर ती सगळी आमच्या कलमांखाली येऊन बसली.

परसबागेत वांगी असतील तर एक जरूर करा. वांग्याच्या फुलातला पराग बंद नळीत असतो, टोकाला बारीक भोक. ती नळी हलवली तरच पराग सांडतो. पाळीव मधमाशीला ते जमत नाही. भुंगा आणि काही रानमाश्या फूल धरून लटकतात आणि पंख न फडकवता नुसतं अंग थरथरवतात, तेव्हा आवाज एकदम चढतो. शाळेच्या विज्ञानपेटीत नादकाटा असेल तर तो आपटून फुलाच्या पिवळ्या नळ्यांना टेकवा, खाली काळा कागद धरा. कागदावर रांगोळीसारखी पिवळी पूड पडते. मी तो कागद अजून जपून ठेवलाय.

भुंग्याला सुकं लाकूड लागतं, पान कातरणाऱ्या माश्यांना पोकळ काड्या लागतात, कितीतरी माश्या जमिनीत बीळ करून एकट्या राहतात. आपण शाळेचं आवार 'स्वच्छ' करतो म्हणजे नेमकं हेच सगळं काढून टाकतो. मुलांना एक कोपरा द्या जिथं झाडलोट करायची नाही. दोन बांबू आडवे बांधा, थोडी माती उघडी ठेवा, कडेला तुळस-सब्जा फुलू द्या, मंजिऱ्या खुडू नका.

आणि दुधीचा वेल असेल तर गृहपाठ संध्याकाळचा द्या. दुधीचं फूल पांढरं, ते दिवस मावळताना उमलतं. त्यावर कोण येतं ते दिवसा शाळेत बसून कळणार नाही.

डोंगरशाळा

मंडळी, उशिरा लिहितेय, नोव्हेंबर संपत आला. तुमच्या तिघांचं सगळं आम्ही दोघांनी छापून वर्गाच्या कपाटावर चिकटवलं होतं.

मोहोळ अजून टाकीला आहे. पालकांच्या बैठकीत मी सातेरीपेटी दादांचं वाचून दाखवलं. जाळायचं नाही हे एकमतानं ठरलं असं मी म्हणणार नाही. एक आजोबा म्हणाले, आमच्या लहानपणी टाकी नव्हती, मोहोळ कड्याला असायचं, कडा कुणी जाळला का? त्यावर बाकीचे गप्प झाले. टाकीवरचा दिवा काढला. फक्कीची रेघ दर सोमवारी चौथीची मुलं नव्यानं मारतात. सराव आठवड्यातून एकदा घेतो. आता ३१ मुलं आत यायला एक मिनिटही लागत नाही.

भोपळ्याची ११ मादी फुलं मिळाली. चार बांधून ठेवली, ती चारही आठवड्याभरात पिवळी पडून गळली. मोकळ्या चारांपैकी तीन धरली. मुलांनी हातानं चोळलेल्या तीनपैकी दोन. मुलांना सगळ्यात लागलं ते हातानं चोळलेलं एक गळलं तेव्हा. चोळणारी मुलगी दुसरीतली आहे, ती रडली. म्हणाली, मी नीट चोळलं होतं. मग आम्ही सकाळी साडेसहाला जाऊन मोकळ्या फुलावर माशी नेमकं काय करते ते बसून बघितलं. एका फुलावर दहा मिनिटांत सात फेऱ्या झाल्या. तिनं वहीत लिहिलं, "मी एकदाच चोळलं. ती सात वेळा आली."

खुरासणीला मच्छरदाणी टाकायला आम्हाला उशीर झाला, पण वरच्या वाडीतल्या एका पालकाचा तुकडा अजून कळीत होता. गेल्या आठवड्यात बोंडं चोळली. बाहेरच्या बोंडांतलं बी काळं, टपोरं, चमकणारं. मच्छरदाणीतल्या बोंडांतलं बहुतेक पोचट, पोरांनी तळहातावर घेऊन फुंकर मारली तर उडून गेलं. हे बघायला तीन आया थांबल्या होत्या, मुलं घरी गेली तरी त्या एकमेकींशी बोलत होत्या. ज्यांच्या शेतात मच्छरदाणी टाकली होती ते पालक म्हणाले, पुढच्या वर्षी माझ्या तुकड्यात नको बाई, दुसऱ्याच्या. त्यांचं तेवढं बी गेलं, बरोबरच आहे. मी त्यांना शाळेच्या बागेतले दोन भोपळे दिले.

टाकीकडं आम्ही रेघेबाहेरून दुर्बिणीनं बघतो. एक दिवस मोठी गांधीलमाशी मोहोळाजवळ घिरट्या घालत होती. वरच्या माश्यांनी एकामागून एक पोट उचललं आणि सगळ्या मोहोळावरून, भाताच्या शेतावरून वारा जावा तशी लाट फिरली. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. गांधीलमाशी निघून गेली. वर्गात त्या दिवशी कुणी मोठ्यानं बोललं नाही.

ज्यानं खडा मारला तो मुलगा अजून टाकीकडं बघत नाही. दुर्बीण पुढं केली तर मान हलवतो. मी त्याला आग्रह करत नाही. पण पिशव्यांच्या गाठी त्याच्याइतक्या चांगल्या कुणी बांधत नाही, आणि मार्चमध्ये नर हातात घेण्याबद्दल त्यानंच मला दोनदा विचारलंय. सातेरीपेटी दादा, आमच्या बाजूला फेब्रुवारी-मार्चात सातेरी पेटी ठेवणारं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर निरोप द्या, मी मुलांना घेऊन जाईन.

भेट मिळणारी पेटी नको म्हणून कळवलं. त्यांना आधी वाईट वाटलं, मग त्यांनी पेटीच्या पैशात १२ भिंगं पाठवली.

माडाखाली ताई, तुमचा दुधीचा गृहपाठ तिसरी-चौथीला दिला. पाच मुलांनी कंदील न लावता वेलाजवळ बसून बघितलं. तिघांनी एकच गोष्ट सांगितली: राखाडी, जाड अंगाचं, चिमणीच्या पिल्लाएवढं पाखरू आलं, फुलावर बसलंच नाही, समोर हवेत थांबलं आणि लांब सोंड आत घातली. आमच्या गावात त्याला काय म्हणतात ते कुणालाच सांगता आलं नाही. तुमच्याकडं त्याला नाव आहे का?